भट्टीपुढचा माणूस हजला निघतो : एका कव्हरची चार महिन्यांची तयारी

कोल्हापुरातल्या माझ्या दवाखान्यात दरवर्षी चार-सहा पेशंट हजचा फिटनेसचा कागद घेऊन येतात. त्यावर डॉक्टरची सही लागते. बीपी बघायचं, शुगरचा रिपोर्ट बघायचा, छातीला स्टेथो लावायचा, सही, शिक्का, झालं. चाचांच्या कागदावर मी अशीच सही केली होती, पाचेक मिनिटांत. पुढं जे उघडकीला आलं ते बघता ती सही नियमाप्रमाणे बरोबर होती आणि त्यांच्या काडीइतक्याही उपयोगाची नव्हती. म्हणून हे टिपण. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

चाचा ६७ वर्षांचे. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत चाळीस वर्षं भट्टीवर काम करून सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. डायबेटिस १४ वर्षांचा, बीपी ९ वर्षांचं. चाची ६१ वर्षांच्या, दोन्ही गुडघे झिजलेले, बीपीची गोळी चालू. सोबतीला चाचींचा धाकटा भाऊ, ५५ वर्षांचा, धडधाकट. घरातली पोरं त्याला मामू म्हणतात, म्हणून मीही मामूच म्हणायला लागलो. तिघांचा अर्ज एकाच कव्हरमध्ये, म्हणजे हज कमिटीकडं एकत्र केलेला, होता आणि २०२५ च्या हजला नंबर लागला होता. अराफातचा दिवस, म्हणजे अराफातच्या मैदानात थांबायचा हजचा मुख्य दिवस, ५ जूनला येणार होता.

फेब्रुवारीच्या मध्यावर चाचांचा मुलगा एकटाच आला. मोबाइलवर आदल्या वर्षीची बातमी उघडून समोर धरली. १७ जून २०२४ ला मक्केत ५१.८ अंश तापमान, त्या हजमध्ये १३०० हून जास्त मृत्यू, त्यात ९८ भारतीय. "डॉक्टर, अब्बांना पाठवू का नको, एवढं सांगा."

बातमीत एक ओळ होती, ती त्यानं वाचली नव्हती. सौदी सरकारनं सांगितलं होतं की मेलेल्यांपैकी ८३ टक्के लोक परवान्याशिवाय आलेले होते. म्हणजे त्यांना ना तंबू, ना बस, ना कुठं सावली. उन्हात मैलोन् मैल चालत होते ते. चाचांच्या कव्हरला हज कमिटीमार्फत तंबू होता, बस होती, मक्का-मदिनेत भारतीय वैद्यकीय पथकाचे दवाखाने होते. सगळ्यात मोठा धोका त्या परवान्यानंच कमी केला होता. जो उरला होता तो चाचा तंबूबाहेर पडल्यावरचा, आणि त्यांच्या औषधांच्या पिशवीतला. मी त्याला म्हटलं, "पाठव. पण आधी तिघांना घेऊन ये. आणि घरात असतील नसतील तेवढ्या गोळ्या घेऊन ये."

चाचा आले ते हसतच. "भट्टीम्होरं चाळीस वर्सं काढली डॉक्टरसाहेब. ऊन काय करतंय मला?"

हा मुद्दा मला खोडून काढावाच लागला, कारण सगळी तयारी त्याच्यावर अडणार होती. रोज उष्णतेत काम करणाऱ्याच्या शरीराला खरंच सवय होते. घाम लवकर सुटतो, जास्त येतो, त्यातून मीठ कमी जातं. ही सवय लागायला आठवडा-दोन आठवडे पुरतात. पण ती टिकतही नाही. काम सुटलं की महिन्याभरात उतरते. चाचांची भट्टी सुटून सहा वर्षं झाली होती. त्यातच इतक्या वर्षांच्या डायबेटिसमध्ये घाम आणणाऱ्या नसाही सुस्तावतात, आणि साठीनंतर तहान उशिरा लागते. हे सगळं सांगून झाल्यावर चाचा म्हणाले, "म्हंजे भट्टी इझली म्हणा की." त्यांच्या भाषेत याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

मग पिशवी टेबलावर उलटी केली. माझ्या चिठ्ठीतल्या पाच गोळ्या होत्या, आणि मी कधीच न लिहिलेल्या चार पट्ट्या. त्यांतली एक ट्रामाडॉलची, चाचींच्या गुडघ्यासाठी कुणीतरी दिलेली. एक डायक्लोफिनॅकची, तीही दुखण्यावरचीच, मेडिकलमधून थेट घेतलेली. चाचींच्या बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टनबरोबर लघवी वाढवणारं औषधही होतं. अशा दोन औषधांच्या जोडीला डायक्लोफिनॅक आणि वर अंगातलं पाणी कमी झालेलं, ही किडनीची वाट लावायची रेसिपीच आहे. कोल्हापुरात भागून जातं. अराफातला भागत नाही. डायक्लोफिनॅक बंद केली, पॅरासिटामॉल आणि मांडीचे व्यायाम सुरू केले.

चाचांच्या पट्ट्यांत प्रीगाबॅलिन होती, तळपायांच्या आगीसाठी रात्री एक. ती माझ्याच चिठ्ठीतली. ट्रामाडॉल आणि प्रीगाबॅलिन ही दोन्ही औषधं सौदीत नियंत्रित यादीत आहेत. परवानगी काढल्याशिवाय तिथं नेता येत नाहीत. आपल्याकडं पट्टी फाडून मिळणारी गोळी जेद्दाच्या विमानतळावर गुन्हा ठरू शकते, हे पेशंटला सांगायची जबाबदारी कुणाची? लिहिणाऱ्याची, म्हणजे माझी. आणि मी ती फिटनेसच्या सहीच्या वेळी पाळली नव्हती. परवानगीचा ऑनलाइन अर्ज करता येतो, पण ६७ व्या वर्षी विमानतळावर कागद दाखवत उभं राहण्यापेक्षा गोळी बदलणं सोपं. पहिल्यांदा मनात अॅमिट्रिप्टिलीन आली. तळपायांच्या आगीवर चांगली आहे, स्वस्त आहे. पण ती घाम कमी करते. ज्याला ४५ अंशांत पाठवायचं त्याचा घाम आपल्या हातानं बंद करायचा नाही. म्हणून प्रीगाबॅलिन दोन आठवड्यांत हळूहळू कमी केली आणि ड्युलोक्सेटिन सुरू केली. ती मानवली.

पिशवीचा विषय संपतोय असं वाटलं, तेवढ्यात चाचींनी विचारलं, "कांदा-लसूण चटणी न्यायला चालती का? तिकडचं मिळमिळीत खाऊन चाळीस दिवस कसं काढायचं?" चटणीत काय काय घालता म्हणून विचारलं. सुकं खोबरं, तीळ, धणे, मिरची... आणि खसखस. झालं! खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी, सौदीत पूर्ण बंदी. हज कमिटीच्या सूचनांतही ते स्पष्ट असतं, पण खसखस आपण डब्यात ठेवतो, चटणीत ती आहे हे घरातल्या माणसाच्याही ध्यानात नसतं. पांढऱ्या रश्शाला लागते तीच ही. चाचींनी नंतर बिनखसखशीची वेगळी चटणी कुटली. चव लागत नाही, अशी तक्रार परत आल्यावरही चालूच होती.

आता पाय. हा भाग थोडा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक ठिकाणी हाच सुटतो.

चाचांना टेबलावर झोपवलं, डोळे मिटायला सांगितले आणि १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे नायलॉनचा एक तंतू, तळव्याला दहा ठिकाणी टेकवला. टेकला की "हां" म्हणायचं. उजव्या पायाला दहा वेळा "हां" आलं. डाव्याला सातदा. अंगठ्याखाली आणि चवड्यावर दोन ठिकाणी तंतू वाकेपर्यंत दाबला तरी चाचा गप्प. चाची बघत होत्या. "अहो, लावतायत की!" "कुटं लावतायत?" चाचांनी डोळे उघडून पाहिलं, तेव्हा तंतू तळव्यालाच टेकलेला होता. त्यांचा चेहरा पहिल्यांदा उतरला.

आणि त्याच दिवशी दाराबाहेर त्यांच्या नव्या कोऱ्या कोल्हापुरी चपला होत्या. खास हजसाठी चप्पल लाइनीतून घेतलेल्या, तेल लावून मऊ करायला ठेवायच्या होत्या. कोल्हापुरीचं मला कौतुक आहे, पण नवीन कोल्हापुरी चावते हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ज्याला चावा कळतो तो चप्पल काढतो. ज्याला कळत नाही तो दिवसभर चालतो आणि रात्री फोड सापडतो. डायबेटिसच्या पायाला एका फोडापासून जखम आणि जखमेपासून बोट गमावण्यापर्यंतचा रस्ता फार लांबचा नसतो. चाचांना मऊ एमसीआर (बारीक छिद्रांचं रबर) तळव्याच्या, मागं पट्टा असलेल्या चपला घ्यायला लावल्या. दोन जोड. एहराममध्ये, म्हणजे हजच्या न शिवलेल्या कापडांच्या पोशाखात, पुरुषांना टाचेवरचा पट्टा चालतो का, हे मला ठरवता येण्यासारखं नव्हतं. मौलानांना विचारून या म्हटलं. घोटा आणि पायावरचं हाड उघडं राहिलं की हरकत नाही, असं उत्तर आलं. बिनवासाचं व्हॅसलिन आणि डोक्याला न टेकणारी छत्री, यांनाही त्यांची हरकत नव्हती. व्हॅसलिन मांड्यांसाठी. न शिवलेल्या दोन कापडांत मैलभर चाललं की मांड्या घासून सोलतात, आणि लाजेनं ते कुणी सांगत नाही.

दोन जोड कशासाठी? तवाफला, म्हणजे काबाभोवतीच्या फेऱ्यांना, आत चपला नाहीत. हरमच्या, म्हणजे काबाच्या मशिदीच्या, दारात सोडलेली चप्पल परत सापडेलच याची खात्री नाही. आतला पांढरा संगमरवर उन्हात फारसा तापत नाही, पण बाहेरच्या रस्त्याचं तसं नाही. चप्पल हरवलेला डायबेटिसचा पेशंट अनवाणी बसपर्यंत जातो, भाजतं, त्याला कळत नाही. म्हणून चपलांसाठी पाठीवर अडकवायची कापडी पिशवी, आत जाताना चपला त्यात, पिशवी अंगावर. आणि रोज रात्री दोन्ही तळवे चाचींनी बघायचे. स्वतःचा तळवा स्वतःला नीट दिसत नाही, आणि चाचांच्या शब्दावर माझा भरवसा तोपर्यंत उडालेला होता.

तो उडाला रमजानमध्ये. २ मार्चला रोजे सुरू झाले. चाचांच्या गोळ्यांमध्ये ग्लिमेपिराइड होती. ती उपाशीपोटी साखर पाडते, म्हणून डोस इफ्तारला हलवला, निम्मा केला. साखर ७० च्या खाली गेली तर रोजा तिथंच सोडायचा, हे तिघांसमोर ठरलं. तिसऱ्या आठवड्यात चाची तपासणीला आल्या आणि चाचा बाहेर गेल्याचं बघून हळूच म्हणाल्या, "परवा अस्रच्या नमाजनंतर साखर ६२ आली होती. घाम घाम झालेला. मशिनच लपवून ठेवलं त्यांनी. अर्धा तासच राहिलाय म्हणाले."

मला राग आला, मग वाटलं, बरं झालं हे इथं कळलं. जो माणूस स्वतःच्या घरात अर्ध्या तासासाठी साखर लपवतो, तो मिनाच्या तंबूत काय करेल? त्या दिवसापासून माझा पेशंट बदलला. कागदोपत्री चाचाच, पण सूचना सगळ्या चाची आणि मामूंना. मशिन चाचींच्या पर्समध्ये. मीटर फार तापलं की एरर दाखवतं, म्हणून उन्हात बाहेर लटकवायचं नाही. खजूर आणि ग्लुकोजची पुडी मामूंच्या खिशात. चाचा विचित्र बोलायला लागले, रस्ता विसरले, चिडले, तर आधी साखर बघायची. साखर ठीक असेल आणि अंग तापलेलं असेल तर तो उष्माघात समजायचा. अंग कोरडं असलंच पाहिजे असं नाही, घाम असतानाही होतो. पॅरासिटामॉल देत बसायचं नाही, त्या तापावर ती चालत नाही. सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे, अंगावर पाणी मारायचं, वारा घालायचा आणि आरडाओरडा करून मदत बोलवायची.

ईदनंतर औषधांची पूर्ण फेररचना केली. ग्लिमेपिराइड बंद, तिच्या जागी लिनाग्लिप्टिन. डापाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर काढते, म्हणजे पाणीही काढते, ती प्रवासाच्या आधी थांबवली. चाचांच्या बीपीच्या जोडगोळीतलं लघवीचं औषध काढलं. किडनीचा रिपोर्ट चांगला होता, त्यामुळं साखरेची मेटफॉर्मिन राहिली. उलट्या-जुलाब झाले तर मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टन बरं वाटेपर्यंत बंद, हे मोठ्या अक्षरात लिहून दिलं. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) फेब्रुवारीत ८.४ होती, मेमध्ये ७.६ झाली. एरवी मी आणखी खाली आणली असती. हजसाठी मुद्दाम तिथंच थांबलो. चाळीस दिवस साखर थोडी वर राहिली तर फार बिघडत नाही, गर्दीत एकदा ५० वर आली तर बिघडतं. हे बदल या एका पेशंटचे आहेत. वाचून कुणी आपली गोळी आपण बंद करू नये.

चालण्याचं उरलं. सईच्या, म्हणजे सफा-मरवा या दोन टेकड्यांमधल्या, सात फेऱ्याच तीन किलोमीटरच्या वर होतात, त्यात तवाफ, मिना आणि जमरात, म्हणजे सैतानाला खडे मारायची जागा. हजच्या ऐन दिवसांत १० किलोमीटरच्या पुढं चालणं होतं. चाचा सकाळी रंकाळ्यावर वीस मिनिटं चालायचे आणि दोन तास बाकावर बसायचे. मार्चअखेर एक तास, एप्रिलमध्ये दीड तास. शेवटचे पंधरा दिवस वेळ बदलली. सकाळी दहा-साडेदहाला, छत्री, पाणी आणि मामूंना घेऊन. कोल्हापूरचं ऊन मक्केच्या पासंगाला पुरत नाही, पण घामाला जाग आणायला पुरतं. एकदा दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंगसमोर दिसले तिघंही, भर अकरा वाजता, छत्र्या धरून. शाहू महाराजांनी १९०६ साली उभ्या केलेल्या त्या बोर्डिंगच्या भिंतीच्या सावलीत उभं राहून चाची बाटलीतून घोट घेत होत्या. मला बघून बाटली उंच करून दाखवली.

त्या बाटलीमागं एक गोष्ट आहे. चाची पाणीच पीत नव्हत्या. संडास-बाथरूमच्या रांगेच्या भीतीनं बायका प्रवासात पाणी तोडतात. चाचींनी तर सवयच लावून घेतली होती. 'भरपूर पाणी प्या' हे त्यांना शंभरदा सांगून झालं असतं. मी उलटं विचारलं, लघवीचा रंग कसा असतो? "चहासारखा." गवती चहासारखा फिका व्हायला पाहिजे, एवढंच लक्ष्य दिलं. त्यांना ते जमलं.

लसींवर मी फार वेळ घालवला नाही, कारण तेवढी एकच गोष्ट सगळे न विसरता करतात. मेंदूज्वराची चार प्रकारांविरुद्धची लस सक्तीची आहे, तिथं पोचण्याच्या किमान १० दिवस आधी. २००० सालच्या हजनंतर डब्ल्यू-१३५ प्रकारचा मेंदूज्वर हाजींबरोबर देशोदेशी गेला, तेव्हापासून ही चौकडीची लस. पोलिओचे थेंब हजच्या लसीकरण शिबिरातच मिळाले. मोठ्या माणसाला थेंब कशाला, म्हणून चाचा हसले. फ्लूची लस आणि चाचांना न्यूमोनियाची, या दोन्ही शिबिराची वाट न बघता मी एप्रिलमध्ये दिल्या. मुंडणासाठी नवं ब्लेड आपल्यासमोर लावून घ्यायचं, रस्त्यावरच्या कुणाकडं बसायचं नाही, कारण कावीळ बी आणि सी वस्तऱ्यातून पसरतात. उंटाचं कच्चं दूध प्यायचं नाही, उंटाजवळ फोटो काढायचा नाही. मर्स हा श्वसनाचा आजार उंटांकडून येतो.

प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड होतं : आजार, औषधांची मूळ नावं, तंबूचा नंबर, मामूंचा फोन. अरबी मजकूर मुलानं मोबाइलवरून करून आणला. मौलानांनी वाचला आणि हसत सुटले. 'यांना शुगर आहे'चं 'यांच्याकडे साखर आहे' झालं होतं. दुरुस्त करून घेतला.

मेमध्ये तिघं मुंबईहून गेले. अराफातच्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी चार तंबूतच थांबा, असं सौदी सरकारनंच त्या वर्षी सांगितलं होतं. चाचांना तिथल्या जबल-ए-रहमत टेकडीपर्यंत जायचं होतं. चाचींनी चपलांची पिशवी स्वतःच्या उशाखाली ठेवली. विषय संपला. चाचींची सई व्हीलचेअरवर झाली, आणि तिसऱ्या दिवसाचे खडे मौलानांच्या सल्ल्यानं त्यांच्या वतीनं मामूंनी मारले. हे आधीच ठरलेलं असल्यामुळं त्यांना तिथं वाईट वाटलं नाही, असं त्या म्हणाल्या. 'ज्याला झेपेल त्याच्यावरच हज फर्ज आहे', हे वाक्य चाचा आता मला ऐकवतात.

जूनच्या शेवटी परत आले तेव्हा चाचांचं वजन चार किलो उतरलेलं. खोकला तिघांनाही, तीन आठवडे राहिला. ताप किंवा धाप नव्हती, म्हणून पुढच्या तपासण्या केल्या नाहीत. डाव्या चवड्यावर एक फोड आला होता, तिसऱ्या रात्री चाचींना दिसला आणि भरून आला. प्रीगाबॅलिन परत सुरू करावी लागली नाही.

माझी एक चूक मात्र तिथं जाऊन उघडी पडली. ओआरएस द्यायचं मी ठरवलं होतं. चाचांना त्यातल्या साखरेची भीती होती, तर एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन चमच्यांच्या आसपास, घामाच्या दिवसात चालतं, असं समजावलंही होतं. पुड्या दिल्या लिटरच्या. तिकडं हातात येणाऱ्या बाटल्या अर्ध्या लिटरच्या. मामू पूर्ण पुडी अर्ध्या लिटरमध्ये ओतत होते. दुप्पट खारट पाणी पिऊन चाचांना मिनात मळमळ सुरू झाली, तहान आणखी वाढली. दोन दिवस असं चाललं. शेवटी भारतीय दवाखान्यातल्या डॉक्टरनं बाटली हातात घेऊन बघितली तेव्हा उलगडा झाला. अर्धी पुडी टाका, असं मी म्हणालो तर चाची म्हणाल्या, "गर्दीत अर्धी पुडी कोण मोजत बसतंय?" बरोबर होतं त्यांचं. २०० मिलिलिटरची छोटी पुडी मिळते. आता माझ्या यादीत तीच आहे : अर्ध्या लिटरची बाटली घ्या, वरचे चार-पाच घोट आधी पिऊन टाका, मग दोन छोट्या पुड्या.